कम्बाइन्ड सायन्स : फाउंडेशन की हायर, आणि ग्रेड नेमकी ठरते कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी इंग्लंडमध्ये यिअर ११ मध्ये आहे, एक्यूए बोर्डाचं जीसीएसई (तिथली सोळाव्या वर्षाच्या सुमाराची शालान्त परीक्षा) कम्बाइन्ड सायन्स ट्रिलॉजी, म्हणजे तिन्ही विज्ञानं एकत्र असलेला विषय, करते आहे. पेपर दोन टियरचे, म्हणजे पातळ्यांचे, असतात: सोपा फाउंडेशन आणि अवघड हायर. मॉक, म्हणजे सराव परीक्षेत हायर टियरला ४-३ ही ग्रेड आली. शाळा म्हणते, तिला फाउंडेशनला बसवू. आई-वडिलांना वाटतं की हा कमीपणा आहे, सर्टिफिकेटवर कायमचा शिक्का बसेल. त्यापेक्षा दोन-तीन महिने जोर लावून हायरच द्यावं का?

आधी सरळ उत्तर. सर्टिफिकेटवर टियर छापलेला नसतो, फक्त ग्रेड असते. फाउंडेशनमधून मिळालेले ५-५ आणि हायरमधून मिळालेले ५-५ यांचं मोल एकच. आणि हायरवर ४-३ याचा अर्थ ‘चारच्या जवळ आहे’ एवढाच घेऊ नका. त्याचा अर्थ ‘अनग्रेडेडच्या, म्हणजे ग्रेडच न मिळण्याच्या, अगदी वर आहे’ असाही आहे. हा दुसरा अर्थ शाळेत नीट समजावून सांगितला जात नाही, आणि निर्णय त्यावरच करायचा असतो. म्हणून ग्रेड कशी काढतात ते मुळापासून बघू.

इंग्लंडमध्ये विज्ञानाची ९ ते १ ही ग्रेडपद्धत २०१८ च्या उन्हाळ्यातल्या परीक्षेपासून लागू झाली. जुन्या, अक्षरांच्या पद्धतीशी जोडणारे तीन खुंटे ठेवले आहेत: ७ ची खालची कड म्हणजे जुन्या ए ची खालची कड, ४ ची म्हणजे जुन्या सी ची, आणि १ ची म्हणजे जुन्या जी ची. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स वेगवेगळे घेतले (ज्याला शाळांमध्ये ट्रिपल म्हणतात) तर प्रत्येकाची एक ग्रेड मिळते. कम्बाइन्ड सायन्स हे दोन जीसीएसईंच्या बरोबरीचं, म्हणून त्याची ग्रेड जोडीने येते: ९-९, ९-८, ८-८, ८-७ असं करत १-१ पर्यंत, एकूण १७ पायऱ्या. मोठा आकडा नेहमी आधी. ५-४ मिळाले म्हणजे बायोलॉजीत ५ आणि केमिस्ट्रीत ४ असा अर्थ मुळीच नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. सगळ्या पेपरांचे गुण एकत्र करून एकच बेरीज होते, आणि ती बेरीज १७ पायऱ्यांपैकी एका पायरीवर पडते. ५-४ म्हणजे ५-५ आणि ४-४ यांच्या मधली पायरी, बाकी काही नाही.

फाउंडेशन टियरवर १-१ ते ५-५ मिळू शकतात. हायरवर ४-४ ते ९-९, आणि ४-४ च्या खाली आधाराची एक अरुंद पायरी, ४-३. त्याच्याही खाली गेलं की यू, म्हणजे अनग्रेडेड. तिथून ‘मग फाउंडेशनची ३-३ द्या’ असं होत नाही. ज्या टियरचा पेपर दिला त्याच टियरची ग्रेड. ट्रिपलमध्ये हायरवर ९ ते ४ आणि आधाराची ३. ट्रिपलमध्ये बायोलॉजी हायर आणि फिजिक्स फाउंडेशन असं चालतं, कारण ते वेगळे विषय आहेत. कम्बाइन्डमध्ये मात्र सगळे पेपर एकाच टियरचे द्यावे लागतात. केमिस्ट्री कच्ची आहे म्हणून तेवढेच दोन पेपर फाउंडेशनचे, असं करता येत नाही.

ट्रिलॉजीचे सहा पेपर असतात, प्रत्येक विषयाचे दोन. प्रत्येक पेपर सव्वा तासाचा, ७० गुणांचा. एकूण ४२० गुण, सगळ्यांना सारखं वजन. तोंडी नाही, प्रयोगवहीचे गुण नाहीत. प्रयोग शाळेत करावेच लागतात (कम्बाइन्डला किमान १६), पण गुण मिळतात ते पेपरात प्रयोगांवर विचारलेल्या प्रश्नांतून, आणि अशा प्रश्नांना एकूण गुणांपैकी किमान १५ टक्के, म्हणजे ६३ गुण असतात. गणिताला किमान २० टक्के, म्हणजे ८४ गुण, आणि ते बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स यांत साधारण १:२:३ या प्रमाणात: १४, २८, ४२. फिजिक्सच्या १४० गुणांपैकी ४२ गुण आकडेमोडीचे, हे ध्यानात ठेवलं की उरलेला अभ्यासाचा वेळ कुठे घालायचा ते आपोआप ठरतं. पाठांतराला म्हणाल तर ४० टक्के गुण माहिती आणि समज यांना, ४० टक्के ती नव्या उदाहरणाला लावण्याला, आणि २० टक्के निरीक्षणांचं विश्लेषण करणं, निष्कर्ष काढणं, पद्धतीत सुधारणा सुचवणं याला. नुसतं पाठ करून हायरचा पेपर सुटत नाही तो यामुळे.

आता टियरमधला फरक. अभ्यासक्रमात काही भाग फक्त हायरसाठी असतो: मोलची गणितं, लिमिटिंग रिअॅक्टंट, इलेक्ट्रोलिसिसमधली हाफ इक्वेशन्स, फिजिक्समध्ये मोमेंटम आणि फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम, बायोलॉजीत थायरॉक्सिनचं निगेटिव्ह फीडबॅक. फाउंडेशनच्या मुलीला हे शिकावं लागत नाही. उरलेला मोठा भाग दोन्हीकडे सारखा. दोन्ही टियरच्या पेपरांत काही प्रश्न शब्दशः तेच असतात. ते फाउंडेशन पेपरात सहसा शेवटाकडे येतात आणि हायर पेपरात सुरुवातीला. हे ४-५ च्या पातळीचे प्रश्न. ते दोन्हीकडे का ठेवतात याचं कारण पुढे येईल.

पेपर झाल्यावर पहिलं काम गुण देण्याचं, आणि ग्रेड ठरवण्याचं काम त्यापासून पूर्ण वेगळं असतं. उत्तरपत्रिका स्कॅन होतात आणि प्रश्नागणिक तुकडे होऊन परीक्षकांच्या स्क्रीनवर जातात. एका मुलीचा पेपर एकाच माणसाने तपासला असं सहसा होत नाही. तिच्या वेगवेगळ्या प्रश्नांना वेगवेगळे परीक्षक गुण देतात. सगळ्या परीक्षकांना आधी एकाच मार्क स्कीमवर, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे ते सांगणाऱ्या तक्त्यावर, सराव करून घेतलेला असतो. शिवाय वरिष्ठांनी आधीच तपासून ठेवलेली उत्तरं गुपचूप मधेमधे पेरलेली असतात. एखादा परीक्षक त्यांच्यापासून ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर त्याला तो प्रश्न तपासण्यापासून थांबवतात. या टप्प्यावर कुणालाही ग्रेड माहीत नसते, कारण ग्रेडच्या सीमा अजून ठरलेल्याच नसतात.

सीमा, म्हणजे ग्रेड बाउंड्री, सगळं मार्किंग झाल्यावर ठरतात. हायरवर ७ आणि ४ या दोन सीमा पुरावे बघून ठरवतात, फाउंडेशनवर ४ आणि १. पुरावा दोन प्रकारचा असतो. एक आकडेवारी: या वर्षी बसलेली मुलं प्राथमिक शाळेच्या शेवटी, यिअर ६ च्या चाचण्यांत कशी होती, आणि तशा मुलांना आधीच्या वर्षी कोणत्या ग्रेड मिळाल्या होत्या. दुसरा पुरावा उत्तरपत्रिकांचा: वरिष्ठ परीक्षक सीमेच्या आसपासच्या खऱ्या उत्तरपत्रिका वाचतात आणि मागच्या वर्षांच्या जपून ठेवलेल्या उत्तरपत्रिकांशी ताडून बघतात. पेपर अवघड गेला तर सीमा खाली येते, सोपा गेला तर वर जाते. (२०२५ आणि २०२६ च्या तुकड्यांच्या यिअर ६ च्या चाचण्या कोविडमुळे झाल्याच नव्हत्या. त्यामुळे त्यांच्यासाठी पहिल्या प्रकारचा पुरावा नेहमीसारखा वापरता येत नाही.) या सगळ्यावर ऑफक्वॉल या नियामक संस्थेची देखरेख असते, म्हणजे एक बोर्ड ढिलं आणि दुसरं कडक असं होऊ नये.

मधल्या सीमा कुणी बसून ठरवत नाही. त्या शुद्ध भागाकाराने निघतात. इथे एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्याही खऱ्या वर्षाचे नाहीत. पण रीत खरी आहे. समजा ट्रिलॉजी हायरला ४२० पैकी ४-४ ची सीमा १२० ठरली आणि ७-७ ची २४०. या दोघांमध्ये ५-४, ५-५, ६-५, ६-६, ७-६, ७-७ अशा सहा पायऱ्या. फरक १२०, भागिले ६, म्हणजे प्रत्येक पायरी २० गुणांची. ५-४ साठी १४०, ५-५ साठी १६०, ६-५ साठी १८०, ६-६ साठी २००. वरच्या बाजूला ९-९ ची सीमा समजा ३०० ठरली, तर २४० ते ३०० याचे चार समान भाग: ८-७ ला २५५, ८-८ ला २७०, ९-८ ला २८५.

आणि ४-३? ही आधाराची पायरी तिच्या वरच्या पायरीच्या निम्मी रुंद असते. वरची २० गुणांची, म्हणून ही १० गुणांची. ४-३ ची सीमा ११०. कुणाला १०९ मिळाले तर अनग्रेडेड.

या १० गुणांकडे जरा थांबून बघा. सहा पेपरांत मिळून १० गुण, म्हणजे एका पेपरात दोन गुणसुद्धा नाहीत. मॉकमध्ये ११४ मिळवलेल्या मुलीच्या हातात ४-३ आहे हे खरं, पण तिच्या आणि यू च्या मध्ये फक्त चारपाच गुणांची भिंत आहे. एक सहा गुणांचा प्रश्न उलटा समजला, एका पेपरात मागचं पान उलटायचं राहिलं, परीक्षेच्या आठवड्यात एक दिवस ताप आला, की ती भिंत ओलांडली गेली. फाउंडेशनला तीच मुलगी, त्याच तयारीवर, वाईट दिवशी ४-४ वरून ४-३ किंवा ३-३ वर घसरेल, पण दोन जीसीएसईंच्या जागी शून्य येणार नाही.

असं प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. २०१८ मध्ये, या परीक्षेच्या पहिल्याच वर्षी, शाळांनी कम्बाइन्ड सायन्सला इतकी कच्ची मुलं हायरला बसवली की पुष्कळ जण ४-३ च्याही खाली जाणार हे दिसू लागलं. तेव्हा ऑफक्वॉलने अपवाद म्हणून बोर्डांना हायरवर ३-३ द्यायला परवानगी दिली. तो अपवाद त्या वर्षापुरता होता. पुन्हा कुणीतरी सांभाळून घेईल या आशेवर हायरला बसवू नये.

आता फाउंडेशनचं गणित. समजा तिथे १-१ ची सीमा ८० आणि ४-४ ची २३०. मधल्या सहा पायऱ्या २५ गुणांच्या: २-१ ला १०५, २-२ ला १३०, ३-२ ला १५५, ३-३ ला १८०, ४-३ ला २०५. त्याच्या वर ५-४ ला समजा २५० आणि ५-५ ला २७०. इथे पालक चक्रावतात: हायरवर ५-५ ला १६० पुरे, आणि इथे २७० लागतात, मग फाउंडेशन अवघडच की! पण पेपर वेगळे आहेत. फाउंडेशनमध्ये पुष्कळसे गुण १ ते ३ पातळीच्या प्रश्नांवर असतात. पर्याय निवडा, जोड्या लावा, एका शब्दात सांगा, सूत्र दिलेलं आहे त्यात आकडे घाला. पाचच्या पातळीची मुलगी ते भराभर सोडवते. दोन्ही टियरचे ४ आणि ५ एकाच उंचीचे राहावेत यासाठीच ते कॉमन प्रश्न असतात. हायरला चारच्या सीमेवर असलेल्या मुलांनी त्या प्रश्नांत काय केलं आणि फाउंडेशनला चारच्या सीमेवर असलेल्यांनी काय केलं, हे समोरासमोर ठेवून दोन्ही सीमा जुळवतात. म्हणून फाउंडेशनचा ४ ‘हलका’ हा समज चुकीचा आहे.

तरीही हायर सोडताना काय सोडतो ते स्पष्ट असावं. फाउंडेशनला ५-५ च्या वर छप्पर आहे. पूर्ण ४२० मिळाले तरी ५-५. ए-लेव्हलला (जीसीएसईनंतरचा, विद्यापीठाआधीचा अभ्यासक्रम) बायोलॉजी, केमिस्ट्री किंवा फिजिक्स घ्यायचं असेल तर बहुतेक सिक्स्थ फॉर्म, म्हणजे ए-लेव्हल शिकवणाऱ्या संस्था, ६-६ किंवा त्याहून जास्त मागतात, आणि ते हायरशिवाय मिळत नाही. मुलीचा तो ठाम बेत असेल आणि मॉकचे गुण ५-४ च्या आसपास असतील, तर हायरचा धोका पत्करण्यात अर्थ आहे. मॉकला ४-३ असताना मे महिन्यापर्यंत ६-६ वर जाणं म्हणजे वरच्या उदाहरणाप्रमाणे ८०-९० गुणांची चढण आहे. प्रत्येक पेपरात १४-१५ गुण जास्त, सहाही पेपरांत. मूल कष्टाळू असलं तरी हे क्वचित जमतं, कारण ते जास्तीचे गुण नेमके मोल, हाफ इक्वेशन्स आणि अनेक पायऱ्यांच्या गणितांमध्ये असतात, जिथे पाया आधी पक्का लागतो. ए-लेव्हल सायन्सचा बेत नसेल, पुढे कॉलेजला ४-४ किंवा ५-५ पुरत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: फाउंडेशन घ्या आणि ५-५ चं लक्ष्य ठेवा.

निर्णय करण्याआधी मॉकचा आकडा खरा आहे का ते तपासा. इथे शाळांकडूनही चुका होतात. मॉकमध्ये बहुधा फक्त पेपर १ चे तीन पेपर असतात, २१० गुणांचे. त्यांना ४२० ची सीमा लावताना निम्मी करावी लागते, आणि काही जण ती करतात भलत्याच टियरच्या तक्त्यावरून. दुसरी चूक म्हणजे २०२२ च्या सीमा वापरणं. त्या वर्षी कोविडनंतरची सवलत म्हणून ग्रेडिंग मुद्दाम सौम्य ठेवलं होतं आणि कोणत्या भागावर प्रश्न येणार हेही आधी सांगितलं होतं. त्या तक्त्यावरून काढलेला अंदाज फुगलेला असतो. २०२३ पासूनचे तक्ते घ्या, दोन-तीन वर्षांचे घ्या आणि ज्या वर्षाचा पेपर दिला असेल त्याच वर्षाची सीमा लावा. तिसरं म्हणजे एकेका पेपरच्या ‘ग्रेड’वर विसंबू नका. अधिकृत सीमा फक्त पूर्ण विषयाच्या बेरजेला असते. पेपरागणिक सांगितलेले आकडे अंदाजापुरते.

शाळेकडे एक गोष्ट मागा: मुलीला एकदा फाउंडेशनचा जुना पेपर पूर्ण वेळ लावून सोडवायला द्या. तिला हायरमध्ये ११४ मिळाले यावरून फाउंडेशनमध्ये किती मिळतील हे कागदावर काढता येत नाही. काही मुलांना फाउंडेशनला ५-४ सहज मिळतात. काहींच्या बाबतीत उघड होतं की अवघड भाग नडत नव्हता, प्रश्न नीट वाचणंच नडत होतं. तसं असेल तर टियर बदलून फारसा फरक पडत नाही.

टियर बदलण्याच्या मुदतीबद्दल: परीक्षेची नोंदणी नेहमी २१ फेब्रुवारीपर्यंत होते. त्यानंतरही काही काळ टियर बदलता येतो, फार उशीर झाला तर शाळेला जास्तीचं शुल्क पडतं. पण एका टियरचा पहिला पेपर दिला की उरलेले पाचही त्याच टियरचे. तेव्हा एप्रिलच्या सुट्टीनंतर बघू असं म्हणण्यापेक्षा आत्ताच ठरवलेलं बरं, म्हणजे हायरपुरते धडे बाजूला ठेवून मुलीला उरलेला वेळ सरळ वापरता येईल.

आता गुण कसे मिळतात आणि कुठे सुटतात, कारण ४-४ आणि ५-५ मधला फरक इथेच भरून निघतो. एक प्रश्न जवळून बघू. १,२०० किलो वस्तुमानाची गाडी सेकंदाला १५ मीटर वेगाने जाते आहे, तिची गतिज ऊर्जा काढा, दोन गुण. मार्क स्कीममध्ये एक गुण आकडे सूत्रात बरोबर घालण्याला: अर्धा गुणिले १,२०० गुणिले १५ चा वर्ग. दुसरा उत्तराला: १,३५,००० ज्यूल. नुसतं बरोबर उत्तर लिहिलं तरी एक्यूएमध्ये दोन्ही गुण मिळतात. १५ चा वर्ग लिहिला, पण कॅल्क्युलेटरवर भलतंच दाबलं, तर एक गुण. वर्ग लिहायचाच राहिला आणि ९,००० आलं, तर शून्य. पण पुढचा उपप्रश्न असेल की ४५ मीटरमध्ये थांबण्यासाठी ब्रेकचं बल किती, आणि तिने आपल्या ९,००० ला ४५ ने भागून २०० न्यूटन लिहिलं, तर त्या भागाचे पूर्ण गुण मिळतात, खरं उत्तर ३,००० न्यूटन असलं तरी. याला परीक्षक एरर कॅरीड फॉरवर्ड म्हणतात: एका चुकीची शिक्षा एकदाच. म्हणून पहिला भाग आला नाही तर पुढचा कोरा सोडू नये. काहीतरी आकडा धरून रीत दाखवावी. फिजिक्सची सूत्रं आता परीक्षेत छापून मिळतात (२०२२ पासून, आणि २०२७ पर्यंत हे जाहीर झालेलं आहे), तेव्हा सूत्र आठवण्यापेक्षा ग्रॅमचे किलोग्रॅम, मिनिटांचे सेकंद, किलोज्यूलचे ज्यूल करण्याचा सराव जास्त कामाचा. हे रूपांतर विसरलं तर सहसा एकच गुण जातो, बाकीची रीत बरोबर असली तर उरलेले मिळतात. ‘दोन सिग्निफिकंट फिगर्समध्ये उत्तर द्या’ असं लिहिलेलं असेल तर त्याला स्वतंत्र गुण असतो, आणि चुकीचं उत्तरही नीट राउंड केलं तर तो मिळू शकतो.

दुसरा सापळा: जास्तीची उत्तरं. ‘दोन ग्रीनहाउस वायू सांगा’ याला कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रोजन असं लिहिलं तर दोनपैकी एकच गुण. नायट्रोजन चुकीचा, तो एक बरोबर उत्तर खाऊन टाकतो. खात्री नसताना तिसरं नाव लिहिणं म्हणजे हातचा गुण घालवणं. स्पेलिंगचं मात्र फार मनावर घेऊ नका, उच्चारावरून शब्द ओळखू आला की चालतो. अपवाद तिथे, जिथे चुकलेलं स्पेलिंग दुसऱ्याच शब्दाकडे झुकतं: ग्लायकोजेन आणि ग्लुकागॉन, मायटोसिस आणि मिओसिस, अल्केन आणि अल्कीन, युरेटर आणि युरेथ्रा. यांत एका अक्षराने गुण जातो.

सहा गुणांचे लांब उत्तराचे प्रश्न मुद्दे मोजून तपासत नाहीत. परीक्षक आधी पातळी ठरवतो, मग पातळीतला गुण: पहिली पातळी १-२, दुसरी ३-४, तिसरी ५-६. समजा विचारलं, पीएचचा अमायलेजवर काय परिणाम होतो ते तपासण्याची पद्धत लिहा. तिसऱ्या पातळीला जायचं तर वाचून दुसऱ्याने प्रयोग करून खरा निकाल काढावा इतकं उत्तर पूर्ण आणि क्रमाने लागतं: स्पॉटिंग टाइलच्या खळग्यांत आयोडीन, ठरावीक पीएचचं बफर द्रावण, स्टार्च, अमायलेज मिसळताच घड्याळ सुरू, दर ३० सेकंदांनी एक थेंब आयोडीनमध्ये, निळा-काळा रंग दिसेनासा झाला की वेळ नोंदवायची, तापमान वॉटर बाथने तेच ठेवायचं, मग वेगवेगळ्या पीएचला तेच. एखादी मुलगी आठ खऱ्या गोष्टी विस्कळीत लिहिते आणि स्टार्च संपला हे कसं कळणार एवढंच विसरते. तिला चारच्या वर जाता येत नाही, कारण त्या पद्धतीने निकाल निघत नाही. उलट क्रम नीट असलेली, पाच-सहा ओळींची पद्धत पाच गुण घेऊन जाते. फाउंडेशनमध्येही असे प्रश्न असतात, आणि ५-५ हवे असतील तर तिथे तीन-चार गुणांवर समाधान मानून चालत नाही.

निकाल ऑगस्टमध्ये गुरुवारी लागतो, आणि त्या वर्षीच्या सीमा त्याच दिवशी बोर्डाच्या संकेतस्थळावर येतात. शाळेकडून ४२० पैकी मिळालेले गुण आणि पेपरागणिक गुण मागून घ्या. वरच्या सीमेपासून एक-दोन गुण कमी असतील तर आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवा, मार्क स्कीम शेजारी ठेवून बघा, आणि ठळक चूक दिसली तरच रिव्ह्यू ऑफ मार्किंग करा. रिव्ह्यू म्हणजे पेपर नव्याने तपासणं नव्हे. पहिल्या परीक्षकाचा गुण समर्थनीय असेल तर तो तसाच राहतो. चूक सापडली तरच बदलतो, आणि तो कमीही होऊ शकतो. अर्ज शाळेमार्फत करावा लागतो, मुलीची लेखी संमती लागते, शुल्क पेपरागणिक असतं, आणि ग्रेड बदलली तर ते परत मिळतं.

सायन्सची पुन्हा परीक्षा फक्त पुढच्या मे-जूनमध्ये असते. नोव्हेंबरची फेरी गणित आणि इंग्लिश लँग्वेजपुरती आहे. हायरवर यू आला तर सप्टेंबरमध्ये कॉलेजचा फॉर्म भरताना सायन्सच्या रकान्यात काहीच नसेल, आणि ते भरून काढायला पुढचं पूर्ण वर्ष जाईल.

मुंबई-पुण्यातल्या केंब्रिज आयजीसीएसई शाळांमधून कुणी हे वाचत असेल तर वरचे आकडे त्यांना लावू नयेत. तिथेही दोन टियर आहेत, कोअर आणि एक्स्टेंडेड, पण कोअरला सी च्या वर ग्रेड मिळत नाही आणि ग्रेड अजून अक्षरांत आहेत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या पेपरांचं वजनही सारखं नाही: पर्यायी प्रश्नांचा पेपर ४० गुणांचा पण वजन ३० टक्के, लेखी पेपर ८० गुणांचा आणि वजन ५० टक्के, प्रयोगाचा पेपर ४० गुणांचा आणि वजन २० टक्के. म्हणजे पर्यायी प्रश्नांतला एक गुण प्रयोगाच्या पेपरातल्या दीड गुणाच्या तोलाचा. इंग्लंडमधल्या नातेवाइकांनी ट्रिलॉजीच्या हिशोबाने दिलेला सल्ला तिथे चालणार नाही. आपल्या शाळेच्या परीक्षा समन्वयकाकडून त्या वर्षीचा अभ्यासक्रम आणि त्याच फेरीच्या, म्हणजे मार्च किंवा मे-जूनच्या, सीमा मागून घ्या.